सैंधवाचा खडा आणि जामसरचे रेडे

जव्हारकडे जाऊन आलो असे म्हटले की नाशकातले लोक आधी दोन पावले मागे सरकतात आणि मग विचारतात, "ताप वगैरे घेऊन नाही ना आलात?" मोखाडा-जव्हार म्हणजे रान आणि रान म्हणजे हिवताप, एवढेच आमचे भूगोलाचे ज्ञान. सुखासुखी तिकडे कोणी जात नाही. मीही गेलो नसतो. पण मी पडलो सरकारी गुरांचा डॉक्टर, तोही कच्च्या नेमणुकीवरचा. वैशाखाच्या तोंडाशी वरून हुकूम आला, की मोखाड्याच्या आणि जव्हार संस्थानातल्या पाड्यांवर गुरांना कसलासा नवा रोग लागला आहे. तो कोठून आला याचा शोध घ्यावा, गावोगावच्या गुरांची तोंडे पाहावी आणि नकाशासह रिपोर्ट द्यावा. रिपोर्ट चांगला झाला तर नेमणूक पक्की, हे हुकमात नव्हते, पण वरिष्ठांनी पान चघळता चघळता सांगितले होते.

घाट उतरताना

त्र्यंबकाला एक वाटाड्या मिळाला. नाव लहानू. वय पन्नाशीचे, मिशा पांढऱ्या, पाय अनवाणी, बोलणे अगदी गरजेपुरते. माझी ट्रंक डोक्यावर घेऊन तो असा चालायचा की ट्रंक रिकामी आहे आणि सगळे ओझे माझ्याच अंगावर आहे असे वाटावे.

"दमलास का, साहेब?" पहिल्याच चढावर त्याने विचारले.

वडील गेल्यापासून मला 'तू' म्हणणारा माणूस भेटला नव्हता. मी रागाने तासभर बोललोच नाही. त्याला ते फार बरे वाटले असावे. पुढे कळले की या मुलखात देवाला तू, मामलेदाराला तू आणि बैलालाही तू. त्यात कोणाचा अपमान नाही आणि कोणाचा मानही नाही. आमच्याकडे 'अहो' म्हणून माणसाच्या पाठीमागे काय काय बोलतात ते आठवले आणि राग गेला.

घाटात पाय घसरला तो माझा. हातातली पिशवी आपटली आणि कार्बॉलिकची एकुलती एक बाटली पोह्यांच्या डब्यावर फुटली. गुरांना हात लावल्यावर हात धुवायचे ते औषध. खरे सांगतो, औषध गेल्याचे मला काही वाटले नाही. पोहे गेले याचे मात्र अतोनात दुःख झाले. बायकोने खास शेंगदाणे घालून दिले होते. लहानूने एक चिमूट तोंडात टाकली, बराच वेळ चावली आणि म्हणाला, "नाशकाला असं खातात?"

मोखाडा

मोखाड्याला बाजाराचा दिवस सापडला. घाटावरून आलेल्या एका व्यापाऱ्याच्या गाडीचे दोन बैल चिंचेखाली उभे होते. तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या आणि दोघेही आळीपाळीने पाय उचलत होते. मी लांबूनच ओळखले, लाळ-खुरकूत. जिभेवर फोड येतात, खुरांच्या बेचक्या सडतात. घाटावर हा जुना पाहुणा आहे. आमचा बैल पंधरा-वीस दिवस लंगडतो, कण्हतो आणि उठतो. या डोंगरातल्या ढोरांनी तो बापजन्मी पाहिलेला नव्हता, म्हणून इकडे तो नवा. इथे एकदा शिरला की पाड्यावरचे एक जनावर सोडत नव्हता.

रोगाचे नाव सापडले. आता तो आतल्या पाड्यांपर्यंत कसा पोहोचतो तेवढे शोधायचे होते. त्यासाठी तोंडे पाहणे आले.

इथे माझी एक युक्ती सांगतो, कारण तिचा मला फार अभिमान होता. प्लेगच्या दिवसांत आमच्या घरी तपासणीवाले आले होते. काखा-जांघा चाचपताना त्यांनी आमच्या काकूंना असे दरडावले, की काकूंनी त्यांचा उद्धार केला तो अख्ख्या आळीने ऐकला. तेव्हापासून मी ठरवले होते, की आपण कोणाला तपासू ते त्याच्या खुशीने. गुरांच्या खुशीसाठी मी नाशकाहून सैंधवाचा नारळाएवढा खडा आणला होता. खडा पुढे धरायचा, बैल जीभ काढून चाटू लागतो, की आपण सावकाश दात, जीभ, हिरड्या पाहून घ्यायच्या. ना दोर, ना झोंबाझोंबी. पहिली तोंडे पाहिली ती चिंचेखालच्या त्या दोन बैलांचीच. या डोंगरात माणसांनाच मीठ जपून वापरावे लागते, तिथे ढोरांना कोण चारणार? बातमी अशी पसरली, की मी पाड्यावर पोहोचण्याआधीच लोक गुरे घेऊन ओळीने उभे राहत. मीठ चारणारा साहेब म्हणून माझे नाव झाले. सरकारी माणसाला बघून लोक रानात पळायच्या ऐवजी पुढे येतात, हे पाहून मला अगदी भरून आले.

मोखाड्यापासून जव्हारकडे जाताना वाटेतले सहा-सात पाडे मी असे हसतखेळत तपासले. एका ठिकाणी माझा बूट ओढ्यात गेला, तो शोधेपर्यंत तिथली गुरेही पाहून झाली. एका पाड्यावर मात्र एक पिवळे कुत्रे असे काही अंगावर आले, की तिथली तोंडे पाहण्याचा विचार मी लोकहितासाठी सोडून दिला.

जव्हार

जव्हार उंचावर, म्हणून वैशाखातही पहाटे पांघरूण लागते. संस्थानात फिरण्याचा कागद मिळायला दोन दिवस लागले आणि ते इस्माईलभाईंच्या दुकानापुढच्या बाकावर गेले. तेल, तंबाखू, सुके बोंबील, घोड्याचे खोगीर, सगळे एकाच दुकानात. माझ्या नाकाला त्रास नको म्हणून त्यांनी बोंबलाची टोपली आत ठेवली आणि तंबाखूचे पोते पुढे आणले. माणूस फार अदबीचा.

"डाक्तरसाब, रोग नवा नाही," ते म्हणाले. "वाट नवी आहे. माझ्या वालिदांच्या वेळी घाटावरचा बैल घाटावरच फिरायचा. इथली ढोरं इथंच जन्मायची आणि इथंच मरायची. आता गवताच्या गाड्या येतात, लाकडाच्या येतात. वरचा बैल आणि इथला रेडा एकाच डबक्यावर पाणी पितात. ज्यांची कधी गाठ पडली नव्हती त्यांची गाठ पडते. मग कोणी कोणाला काय देईल, सांगता येतं?"

मी मान डोलावली आणि मनात म्हटले, दुकानदार माणूस, याला शास्त्र काय कळणार. खरे तर प्लेगही आमच्याकडे असाच आला होता, आगगाडीतून, धान्याच्या पोत्यांबरोबर. पण ते मला त्या क्षणी सुचले नाही. मला त्या क्षणी जेवण सुचत होते.

तिथेच जानी भेटली. जामसरची, चाळिशीची विधवा. मिठाचा पुडा घ्यायला आली होती. मी गुरांचा डॉक्टर आहे असे कळताच खाली बसली आणि माझ्याकडे एकटक पाहू लागली.

"आमच्या पाड्यात सात घरां," ती म्हणाली. "सातांत मिळून रेड्यांची एकच जोडी. ती माझ्या गोठ्यात आहा. पाऊस आला का सातही घरांचं भात त्यांच्या पायांवर. ते बसले का आम्ही बसलो. रोग कठून येतो रे, दादा?"

"तेच शोधतोय."

"मग आमच्याकडं ये. माझं रेडं बघ. येशील ना?"

मी वचन दिले. तिने विश्वासाने मान हलवली आणि पुड्यातले चार खडे काढून माझ्या हातावर ठेवले, वाटेत तोंडात टाकायला म्हणून. पावसाला महिना-दीड महिनाच राहिला होता.

दाभोसा

दाभोशाला नदी कड्यावरून खाली उडी टाकते. वैशाखात उडी बारीक असते, पण खालचा डोह गार आणि खोल. इथे मी अत्यंत सुखात होतो, म्हणजे पहिला दिवस. मग करवंदे भेटली. लहानूने सांगितले, पुरे. मी सांगितले, तू मला शिकवू नको. पुढचे चार दिवस मी एका कुडाच्या झोपडीत आडवा पडून होतो आणि मधूनमधून रानाकडे धावत होतो.

घरवाल्याने नागलीची भाकरी आणि उडदाचे वाटण आणून ठेवले. मी हात जोडून नको म्हटले. कसे सांगावे? मी प्रवासात स्वतः शिजवलेलेच खातो आणि पाणी स्वतः भरलेलेच पितो. मोठ्या काकूंनी तशी शपथच घातलेली आहे. त्याने लोटाभर पाणी पुढे केले, तेही मी घेतले नाही. "उष्ट्याखरकट्याचे फार पाळतो आम्ही," मी जरा ताठ्यानेच सांगितले. तो बिचारा लोटा घेऊन परत गेला आणि मी पोट धरून, वाकत वाकत, नदीवर स्वतःचे पाणी भरायला गेलो.

गुरांची तोंडे पहिल्या दिवशीच पाहून झाली होती. सगळी ठणठणीत. चौथ्या दिवशी सकाळी घरवाला आला आणि मला गोठ्यात घेऊन गेला. त्याची गाय लाळ गाळत होती. शेजारचे दोन बैल खूर झटकत होते. दुपारपर्यंत निम्मे गाव गोठ्यात उभे होते.

मला वाईट वाटले, पण लपवत नाही, थोडा आनंदही झाला. रोग डोळ्यांदेखत उगवताना सापडला होता. मागून येणाऱ्या लोकांनीही बातम्या आणल्या, की मोखाड्याकडचे पाडेही बसले. मी तांबडी पेन्सिल काढून नकाशावर ठिपके देऊ लागलो. रिपोर्ट फार सुंदर होणार, याबद्दल मला शंका उरली नाही.

जामसर

जामसरच्या पाड्याला पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. वाटेवर दोन बांबू आडवे बांधलेले, त्यांवर पानांची माळ, खाली राखेची जाड रेघ. इकडे याला गाव बांधणे म्हणतात. रोगाची कुणकुण लागली की पाचसात दिवस आतले माणूस बाहेर नाही आणि बाहेरचे आत नाही. आमच्याकडे प्लेग आला की आम्ही घर सोडून माळावर झोपड्या ठोकतो. हे लोक उलट आत बसतात. मला ते अडाणीपणाचे वाटले.

बांबूपलीकडे जानी कोयता घेऊन बसली होती. मागे जांभळीखाली रेडे, काळेभोर, तुकतुकीत, रवंथ करीत.

"आलो बघ," मी म्हटले. "वचन पाळले."

"तिथंच ऱ्हा, दादा."

"अगं, तूच बोलावलेस ना?"

"बोलावलं. मग दाभोशाची बातमी आली. तू गेलास का तिथं रोग जातो."

मला संताप आला. पाच वर्षे शिकलेला माणूस मी, आणि ही मला मरीआईचा भाऊ ठरवते. म्हटले, थांब, तुला शास्त्र दाखवतो. नकाशा काढून खडकावर पसरला. ठिपके ओळीने, मोखाड्यापासून दाभोशापर्यंत. ती लांबूनच बघत राहिली. लहानू मात्र उकिडवा बसला आणि बोट फिरवू लागला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच सलग बोलला.

"ही आपली वाट, साहेब. इथं आपण दुपारी निजलो, तांबडा. इथं तुझा बूट गेला, तांबडा. इथं नदी उतरलो, तांबडा." बोट थांबले. "ह्या पाड्यावर कुत्रं आलं. इथं काय नाय."

मी नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. कुत्र्याचा पाडा कोरा होता.

"तू ढोरांना काय करतोस?" जानीने विचारले.

"काही नाही. मीठ चाटवतो आणि तोंड बघतो."

"कसं मीठ?"

मी फडक्यातून खडा काढला. नारळाचा आवळा झाला होता. गुळगुळीत, ओलसर, बोटाला चिकटणारा. चकाकत होता.

"सगळ्यांना हाच?"

"हाच."

ती खड्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दादा, तू आमच्या लोट्यातलं पाणी नाय पीत म्हणं. उष्टं होतं. आन अख्ख्या मुलखाच्या ढोरांना एकमेकांचं उष्टं चारत आलास?"

मी हातातल्या खड्याकडे पाहिले. शाळेतले एकूण एक पाठ आठवले, लाळेतून संसर्ग, हात धुणे, दोन जनावरांमध्ये भांडे न बदलणे. सगळे मला तोंडपाठ होते. नुसते आठवले नव्हते, कारण बैल चाटत होते, लोक खूश होते आणि मला सगळे साहेब साहेब म्हणत होते. तो रोग गाडीच्या बैलांनी मोखाड्यापर्यंत आणला होता. तिथून पुढे त्याला मी आणले होते, हाताला धरून, घरोघर.

आणि त्याच वेळी रेड्यांना मिठाचा वास लागला.

थोरला उठला. जानीने धाकट्याची वेसण पकडली, पण थोरला बांबूंकडे आला, मान खाली घालून नुसता ढकलला आणि बांबू, माळ, राख सगळे पार करून माझ्याकडे निघाला. मी मागे सरलो. तो पुढे आला. मी पळालो. तोही पळाला. रेडा पळतो हे मला माहीत होते, इतका पळतो हे माहीत नव्हते. खडा फेकावा तर तो जिथे पडेल तिथे जाऊन रेडा तो चाटणार. खाली ओढ्यात टाकावा तर पाड्याचे पाणी तेच. धोतराच्या ओच्यात लपवावा तर धोतरासकट मी चाटला जाणार. सात घरांचे भात माझ्या मुठीत होते आणि रेड्याचा श्वास मानेवर येत होता.

मी खडा तोंडात टाकला आणि दोन्ही हात काखेत दाबून कड्याला पाठ लावून उभा राहिलो.

माणसाला हा रोग सहसा लागत नाही, हे मला ठाऊक होते. पण त्या वेळी ते आठवून टाकला असे म्हणणे खोटे ठरेल. मोठ्या काकूंच्या शपथेसकट सगळे तोंडात गेले. मोखाडा गेला, सगळे पाडे गेले, दाभोशाची गाय गेली. रेड्याने माझ्या तोंडाकडे पाहिले. मी ओठ घट्ट मिटले. आवळ्याएवढे सैंधव तोंडात धरले की काय होते ते करून पाहा. डोळ्यांतून पाणी आणि ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून लाळेच्या तारा सुरू झाल्या.

"साहेबालाच लागला," लहानू म्हणाला.

जानीने धाकट्याला झाडाला अडकवून धावत येऊन थोरल्याची वेसण धरली आणि त्याला ओढून नेले. पाड्यातून फेकलेल्या कुदळीने लहानूने कंबरभर खड्डा खणला. त्यात मी खडा थुंकला, त्याने वर दगड लोटले. मग जानीने बांबूपलीकडून हुकूम सोडायला सुरुवात केली. हात राखेने घास. अजून घास. बूट आगीत टाक. कोट टाक. मी सगळे टाकले. माझ्यावर इतका अधिकार आमच्या वरिष्ठांनीही कधी गाजवला नव्हता.

घसा सुकून बोलता येईना. मी पाण्यासाठी हाताने खूण केली. ती लोटा घेऊन आली, राखेच्या रेघेवर थांबली आणि म्हणाली, "ओंजळ धर."

मी ओंजळ धरली. ती उंचावरून पाणी घालू लागली, धार माझ्या हाताला लागेल पण लोटा लागणार नाही अशी. ओंजळ कशी धरायची ते मला कोणी शिकवावे लागले नाही. आमच्या दारात येणाऱ्यांना मी लहानपणापासून तसेच पाणी घातलेले आहे. पाणी गार होते. मी मान वर न करता पुष्कळ प्यायलो, आणि मला लाज वाटली ती पाणी प्यायल्याची नव्हे.

संध्याकाळी अनवाणी आणि बंडीवर जव्हारात शिरलो. इस्माईलभाईंनी बाकावर चादर टाकली.

नाशिक

रिपोर्टात मी जे झाले ते लिहिले. रोगाचे वाहक या रकान्यात आधी गाडीचे बैल, मग प्रस्तुत अधिकारी. वरिष्ठांनी दुसऱ्यावर निळी पेन्सिल फिरवली आणि समासात 'कारण अज्ञात' असे लिहिले. वर, जामसरची तोंडे का पाहिली नाहीत, याचा खुलासा मागितला. खुलासा मी चार पाने दिला. नेमणूक अजून कच्चीच आहे.

पहिले आठ दिवस मी रोज सकाळी आरशापुढे जीभ काढून उभा राहत असे. बायकोला काय सांगणार? तिने मोठ्या काकूंना सांगितले, काकूंनी अंगारा दिला. पण माझा खरा जीव जामसरात अडकला होता. रेड्याचे नाक माझ्या खांद्याला लागले होते की नाही, हे मला कितीही आठवले तरी नक्की आठवत नव्हते. पाऊस सुरू झाला आणि माझी झोप उडाली.

श्रावणात इस्माईलभाईंचे पत्र आले. दाभोशाची ढोरे उठली, पण उशिरा, आणि तिथे लावणी निम्मीच झाली. ते मी दोनदा वाचले. ते माझ्या नावावर आहे आणि राहील. पुढे लिहिले होते, जामसरच्या रेड्यांना काही झाले नाही. सातही घरांची लावणी आटोपली. जानी मीठ न्यायला आली होती. तिने मुद्दाम विचारले आहे, त्या दादाचं तोंड कसं आहा?

मी इतक्या गावांत इतकी तोंडे पाहत फिरलो, पण माझे कोणी विचारले नव्हते. पत्र हातात धरून मी ओटीवर बसून रडलो, ते बायकोने पाहिले आणि ती पुन्हा अंगारा आणायला गेली. मग मी डोळे पुसले आणि उलट टपाली लिहिले, की तोंड उत्तम आहे, आणि रेड्यांनाही तसे कळवावे.